गिरणीच्या गोदामातलं नाटक

कर्जत,
ता. ८ मार्च १९४९

ती. सौ. जयवंताताईस,

धाकट्या शकूचा नमस्कार. आम्ही सासूसुना, आत्याबाई नि मी, बऱ्या आहोत. कडवे वाल निवडून ठेवलेत, कुंभिवलीकडे येणारं कोणी भेटलं की पाठवते. तुझा गुडघा कसा आहे?

तुझ्या दिरांबद्दल, चांगोभावजींबद्दल, तू पुन्हा विचारलंस. ते सांगते, पण आधी रविवारचं ऐक.

आत्याबाई ज्या गिरणीत भात पाखडायला जातात, तिथल्या रिकाम्या गोदामात मालकाच्या मुलानं नाटक केलं. आम्हालाही बोलावलं. गाणं नाही, पडदा नाही, राजा नाही की राणी नाही! आम्ही थोडी माणसं गोणपाटावर, आणि अगदी हाताशी स्टुलावर बसलेला तो एकटा. म्हणे, मी आहे की नाही तेच मला कळत नाही. मला हसू आवरेना. मग तो आमच्याकडे बघून म्हणाला, "कोणी वाट बघत असेल तरच मी आहे. आहे का कोणी?"

आत्याबाई उठल्या. "मी हाय ना रं! मी बघतेय तुजी वाट." जाऊन त्याचा हात धरला. "जेवलास का?"

लोक हसले. त्याला पुढचं काही आठवेना. "नाही जेवलो," एवढंच म्हणाला. नाटक तिथंच संपलं.

ताई, लढाईत यांचा ठावठिकाणा लागत नाही असा सरकारी कागद आला, त्याला पाच वर्षं होत आली. आत्याबाई अजून यांच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवतात. सकाळी मी ती म्हशीला घालते. रागानंच घालते.

परत येताना नदीत उतरलो तेव्हा मी म्हटलं, "आत्याबाई, ते नाटक होतं."

"ठावं हाय. पन त्यानं इचारलं तवा मी उठली गं. तू नाय उठलीस."

मला उठावंसं वाटलंच नव्हतं.

पलीकडे गेल्यावर माझ्या लुगड्याचा ओला काठ त्यांनीच पिळला. मान वर न करता म्हणाल्या, "बयनीला लिव. पाट लावा म्हनावं हिचा, दुसऱ्यांदा लगीन होऊ दे. माजी ना नाय."

तेव्हा चांगोभावजींना माझा होकार कळव. आत्याबाईंना सोबत चला म्हटलं, तर म्हणतात, तो आला तर दार कोण उघडंल?

काल सकाळी ती झाकलेली भाकरी मी म्हशीला घातली नाही. चुलीपाशी बसून खाल्ली आणि खूप रडले.

यांच्या नावाचं 'सौ.' हे शेवटचंच लिहिते,

तुझी,
सौ. शकू