एका माणसाचा वाटा

४ मार्च २०२४
आलो बाई एकदाचे! आंधळगावपासून चार किलोमीटरवरचं गाव, घरमालक भैयाजींच्या घरातल्या दोन खोल्या आणि मागच्या दारातून दिसणारी बोडी. लहान तलावाला इथं बोडी म्हणतात. तिच्यातल्या माशांच्या सगळ्या प्रजातींची यादी करायची, असं वर्षभराचं काम मिळालंय. धनंजयचं ऑफिस लॅपटॉपमध्ये असतं, त्यामुळं सामानाबरोबर नवराही आणता आला. आल्याआल्या त्यानं गॅस जोडून पोहे केले. साताऱ्याहून निघताना सासूबाई म्हणाल्या, रश्मी, तिथं तरी नाकावरचा राग आवर. बघू.

७ मार्च
आज पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, मासळीची वाटणी बघितली. जाळं ओढलं की गावातल्या म्हाताऱ्या आनंदाबाई घरोघरची माणसं मोजून वाटे घालतात, माणशी एक. पन्नास वर्षं हे काम त्यांच्याच हातात आहे. आम्हालाही दोन वाटे मिळाले. शेवटी त्यांनी बोटाएवढ्या सहा चंदेरी मासोळ्या वेगळ्या काढल्या आणि पाण्यात सोडायला निघाल्या. मी हातात घेऊन बघितल्या. वाट्यातल्या होत्या तशाच की! तर म्हणाल्या, “त्यायच्यावानी दिसतेत, पन त्यायच्यातल्या नाहीत. बाकीच्या यायच्यापासून सरकतेत.”

मी सांगितलं, प्रजाती अशी सरकण्यावरून ठरत नाही. खवले मोजावे लागतात, परांचे काटे मोजावे लागतात. त्या नको नको म्हणत होत्या, तरी मी सहाही पिशवीत घालून घरी आणल्या.

१० मार्च
खवले, काटे, जबडा, सगळं दोनदा मोजलं. वाट्यातल्या मासोळ्यांशी तंतोतंत जुळतं. फरक दाखवता येत नसेल तर दोन प्रजाती म्हणायचं नाही, हा आमच्या कामाचा साधा नियम. एकच प्रजाती, लिहून टाकलं.

संध्याकाळी आनंदाबाई त्या मासोळ्या परत मागायला आल्या. त्या तर केव्हाच फॉर्मालिनच्या बरणीत गेलेल्या. ऐकून बाई पायरीवर मटकन बसल्या. तिकडचं घेतलं की तिकडून कुणीतरी येतं, म्हणाल्या. महिनाभर या घरातल्या कुणीही बोडीत उतरू नका. धनंजयनं त्यांना चहा दिला. मी हसू दाबलं, खोटं कशाला बोलू.

१२ मार्च
काय फजिती! नमुने घेताना पाय घसरला आणि मी थेट बोडीत. काठच्या पाण्यात माजलेल्या बेशरमाच्या झुडपांत अडकले, नाकातोंडात पाणी, मग काहीच आठवत नाही. धनंजयनं उडी मारून खेचून काढलं. मी शुद्धीवर आल्यावर माझी मोजमापाच्या कॅलिपरची पेटी आणायला त्यानं पुन्हा बुडी मारली, आणि इतका वेळ वर आला नाही की मी बोंब मारायला लागले. आला, पेटी घेऊन, हसत. घरी येऊन दोघांनी आलं घातलेला चहा घेतला.

१५ मार्च
वाटणी. आनंदाबाईंनी आमच्यापुढं एकच वाटा ठेवला. मी भांडले, दोन माणसं दिसत नाहीत का म्हणून. त्या पुढच्या घराचा वाटा घालायला लागल्या. धनंजय माझ्या मागंच उभा होता. आणि बायका सरकल्या. कुणी ठरवलं नव्हतं, नुसत्या टोपल्या ओढून घेत मागं सरकल्या.

तेव्हा मला आठवलं, त्या दिवशी तो किती वेळ पाण्याखाली होता.

१७ मार्च
तोच आहे. कानामागचा तीळ तोच. लग्नात माझा शालू फाटला होता, तेही त्याला आठवतं. पण जेवताना ताट लांब घेतो. काल बाहेर खाटेवर झोपला. उकडतं म्हणाला, उकडत काही नव्हतं. मला भीती वाटते. माझ्याच नवऱ्याची. कुणाला सांगू?

१८ मार्च
दुपारी तो झोपला असताना मोजला. कपाळ, मनगट, बोटांची पेरं. पण जुळवणार कशाशी? नऊ वर्षांत नवरा कधी मोजला नाही.

जागा झाला. ओरडला नाही. भिंतीपर्यंत सरकला — माझ्यापासून. डोळ्यांत पाणी. म्हणाला, “तू कोण आहेस?”

१९ मार्च
सकाळीच आनंदाबाई दारात. मी म्हटलं, तुम्हाला कळतं ना, मग सांगा त्याला, तो खरा नाही, तो —

“तो वाटा धनंजयभाऊचा होता, मॅडम. तुमचा म्या ठेवलाच नाही.”

दार लावून घेतलंय.

खिडकीतून दिसतंय — बोडीकडून चौघीजणी कुणाला तरी धरून आणतायत. बाई आहे. चिखलानं माखलेली, अंगाला बेशरमाच्या फांद्या. मी बोडीत पडले त्या दिवशी घातलेला तसाच निळा कुर्ता. धनंजय धावला. मिठी मारली तिला — तिच्यापासून नाही सरकला — ती रडतेय, माझ्या आवाजात —

मी रश्मी आहे. मला सगळं आठवतं. सातारा, सासूबाई — सगळं —

जाळं घेऊन येतायत. आनंदाबाई दाराशी तोंड आणून हळू सांगतायत, भिऊ नका, कापणार नाही, बरणीत घालणार नाही, होत्या तिथं सोडून देऊ —

नको. एकदा मोजा. तिला नि मला शेजारी उभं करून — कॅलिपर माझ्याजवळ आहे — मोजा ना — एकही फर