आठवा भुईचाफा

३ फेब्रुवारी
सकाळी नळाला पाणी आलं म्हणून मागच्या अंगणात गेले, तर भुईचाफा फुटलेला. माघ चालू आहे अजून. ह्याचं फूल होळीच्या मागंपुढं यायचं. पान नाही, दांडा नाही, उघड्या मातीतून पांढरं फूल वर आलेलं. आतली पाकळी जांभळी.
ह्यांना दाखवलं. "औंदा थंडीच कमी हाय," म्हणाले आणि पेपर घेऊन बसले. असेल तसं.
लेकीचा, जयूचा लातूरहून फोन. सातवा सरत आला. बाळंतपणाला मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणायचं ठरलं. मोगऱ्याला शेणखत घालायचं राहिलंय.

५ फेब्रुवारी
भुईचाफ्याची सगळी बेटं एकाच सकाळी फुलली. पेरूपासून मोरीपर्यंत सरळ ओळ, हातहातभर अंतर. घर घेतलं तेव्हापासून ती तशीच आहेत. आधीचे मालक सिद्धाराम, त्यांच्या आई महादेवीबाई, त्यांच्या हातची ही बाग. मी फक्त पाणी घालते. चार वर्षांत असं लवकर कधी नाही.

८ फेब्रु.
आठ आहेत. तीनदा मोजली. दरवर्षी सातच असायची, मला पक्कं माहीत आहे. आठवं मोरीच्या फरशीला चिकटून.
शेजारच्या कमलआक्का दुपारी चहाला आल्या. सहज म्हणाले, औंदा एक जास्त आलंय. त्यांनी कप खाली ठेवला.
"तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय?"
मग सांगितलं. महादेवीबाईंची सात मुलं गेली. काही पोटातच, काही पाचवीच्या आत. "गेलेल्या दर लेकरामागं एक गड्डा लावला तिनं. सिद्धाराम तेवढा वाचला."
उठून ओळ बघायला गेल्या. आठव्यापाशी थांबल्या, पदर तोंडाला लावला. चहा तसाच ठेवून घरी गेल्या.

११ फेब्रु.
हे बाजारात गेल्यावर खुरपं घेऊन बसले. आठवा काढायचा आणि ओढ्यात फेकून द्यायचा, एवढंच डोक्यात.
गड्डा मुठीत मावेना. मुळांना भुईमुगाच्या शेंगांसारख्या गाठी, आणि मुळं थेट फरशीखाली गेलेली. ती फरशी ह्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वतः बसवली, खाली हातभर माती उकरून. तेव्हा तिथं काही नव्हतं. हा तर दहा वर्षांचा दिसतो. कापराचा वास.
फेकवेना. परत दाबला. वर पाणीही घातलं. का घातलं माहीत नाही.

१५ फेब्रु.
जयूला फोन केला. म्हटलं, तिकडंच कर बाळंतपण, दवाखाने चांगले आहेत, मीच येते राहायला. आधी बरं म्हणाली. मग, "आई, माझं काही चुकलं का?"
म्हटलं, नाही गं, ये तू.
हे चिडले. "फुलापायी लेकीचं माहेर तोडतीस का?"

१९ फेब्रु.
ह्यांना न सांगता उमरग्याला जाऊन आले. पत्ता कमलआक्कांनी दिला.
महादेवीबाई खाटेवर. डोळ्यांत पडदे आलेत. तुमच्या नळदुर्गच्या घरात आम्ही राहतो, म्हटलं. त्यांनी माझा हात घेतला, नखांत माती आहे का चाचपलं.
"एष्टु बंदाव?" किती आली, एवढं कानडी मला कळतं.
"एळु," मी म्हणाले. सात. खोटंच.
हात सोडेनात. "सातच असती तर तू आली नसतीस."
विचारलं, आठवा कोणी लावला. हसल्या नाहीत, रडल्या नाहीत.
"म्या एक बी लावला न्हाय, बाई. आधी फूल यायचं, मग लेकरू जायचं. लोक म्हणायचे, बाई गड्डे लावती. म्या काय सांगणार?"
"आणि सिद्धारामच्या वेळी?"
"तवा आलं न्हाय. म्हणून तर ऱ्हायला."
मी म्हटलं, माझी लेक पोटुशी आहे. घर आता आमचं आहे. ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, "मला लेकरं आठ झाली. आठवा तुझा असंल, न्हाय तर माझा. मातीला काय ठावं घर कुणी विकलं."
सिद्धारामनं मोटरसायकलवरून स्टँडवर सोडलं. चाळिशीचा, धडधाकट माणूस. माझ्या पाया पडला. "आई काय बाय बोलती, मनावर घेऊ नका मावशी. नंबर घ्या माझा." घेतला, माझाही दिला.
बसमध्ये खिडकीची जागा मिळूनही घाम.

४ मार्च
जयू आली. पाय सुजलेत. बाकीची सात केव्हाच सुकली, आठव्याला रोज नवं फूल.
संध्याकाळी मोरीपाशी खुर्ची टाकून बसली. "इथं बसलं की हे लई हलतं गं. दुसरीकडं गप असतं." घरात नेलं तिला. खुर्ची माळ्यावर टाकली.

९ मार्च
आज दगडावर बसलेली सापडली. तिथंच.

१४ मार्च
सोलापूरला तपासणी. बी.पी. वाढलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी वाढलं तर थांबता येणार नाही, आधीच काढावं लागेल. जयूसमोर मी हसत होते.
जे मनात आलं ते लिहू नये. तरी लिहिते. होऊ दे, त्यांचा असू दे तो आठवा. ज्या बाईची सात गेली, तिचाच. जो माझ्या पाया पडला, तोच जाऊ दे. देवीसमोर दिवा लावून उभी होते तेव्हा आलं मनात. मागं घेतलं नाही.

२२ मार्च
सिझर. दुपारी मुलगी झाली. लहानशी आहे, पण आवाज खणखणीत. जयू शुद्धीवर आली, "बोटं मोजलीस का?" म्हणाली. मोजली. सगळी आहेत. ह्यांनी आख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले.
मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदच होता. नुसता आनंद नव्हता.

२७ मार्च
घरी आलो. बाळ दूध पितं, झोपतं. कमलआक्का आल्या, बाळाला काजळ लावलं, मागच्या दाराकडं पाहिलंही नाही. जाताना हळूच म्हणाल्या, "उमरग्याला इचारलंस का?"
म्हटलं, उद्या करते फोन.

३१ मार्च
अजून केलेला नाही. दोनदा नंबर काढला, परत ठेवला.

२ एप्रिल
सकाळी बाळाची अंघोळ चालू असताना फोन वाजला. सिद्धारामचा नंबर. हात तेलाचे होते, उचलला नाही. परत वाजला. ह्यांनी विचारलं, कुणाचा? "कंपनीचा असेल," म्हटलं.
बाळाला दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलं तेवढ्यात तिसऱ्यांदा वाजला. ह्यांनी उचलला. "हां, बोला सिद्धाराम," म्हणाले. "मग तुमी कोण?" नंतर नुसते ऐकत राहिले, आणि फोन कानाला लावूनच ओट्यावर गेले.
अजून आत आलेले नाहीत.