बाबांच्या ब्राउझरचं कुलूप

आई,

नव्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडत नाही म्हणून सारखं क्लिक करत बसू नकोस. कॉम्प्युटर धड आहे, घोळ मी घातलाय. बाबांच्या जुन्या लॅपटॉपवरचं सगळं जसंच्या तसं उचलून आणलं, त्यात त्यांच्या ब्राउझरचं कुलूपही आलं. ब्राउझर चालू असला की ते लागतं, नीट बंद केला की आपोआप निघतं.

बाबा कधी काही नीट बंद करायचे का? झाकण आपटलं की झालं! दवाखान्यात गेले त्या दिवशीही तेच. म्हणून या कॉम्प्युटरला वाटतंय, ते अजून ब्राउझर वापरतायत.

कुलपाची एवढीशी फाइल उडवली की उघडेल. सकाळी उडवायलाच बसले होते, पण हात होईना. बाबा अजून आहेत असं मानणारं घरात तेवढं एकच उरलंय गं.

संध्याकाळी तू शेजारी बस, मग उडवते.

– चिमी