अदनानच्या टाकीकडे जाणारा जोड

परम दयाळू ईश्वराच्या नावे. मी, झुहैर यूसुफ मसरवा, वय ७१, निवृत्त गणित शिक्षक, राहणार जबल अल्-अश्रफिया, अम्मान, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो की, हृदयाच्या डॉक्टरांनी मला जिने चढण्यास मनाई केली आहे. उद्या मंगळवार, आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा पाणी येण्याचा दिवस. ती मनाई मी गुरुवारी एकदा मोडली, छतावरच्या एका कामासाठी उद्या पुन्हा मोडणार आहे. म्हणून हे आजच लिहिणे भाग आहे.

१. घर शरीयतप्रमाणे निम्मे कन्या लुबनाचे व निम्मे वरच्या मजल्यावरील धाकट्या भावाचे, अदनानचे. यात फेरफार माझ्या हाती नाही.

२. शरीयतने माझ्या इच्छेवर सोडलेल्या एक-तृतीयांश मालमत्तेतून मशिदीतील वजूचे, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्याचे, गळके नळ बदलावेत. ती टपटप मी तीस वर्षे सोसली आहे.

३. अकरा वर्षांपूर्वी अदनानची टाकी ओसंडून माझी पुस्तके भिजली. तो म्हणाला, "वाळत घाल मास्तर, तुझ्यासारखी कोरडी होतील." त्याच दिवशी मी त्याच्या टाकीकडे जाणारा पाईप सोडवून जोडाच्या तोंडावर टोपीचा नट आवळून ते बंद केले. तेव्हापासून तो टँकरचे पाणी विकत घेतो. माझी पत्नी इन्साफ दर मंगळवारी बादल्या वर पोचवी. मी न पाहिल्यासारखे करी. जानेवारीत ती गेली. जाण्यापूर्वी म्हणाली, "आधी तो नट सोड, मग माझ्यासाठी रड."

४. गुरुवारी छतावर जाऊन मी प्रयत्न केला. व्हिनेगरची चिंधी, तेल, गरम पाणी, सर्व झाले. मात्र पाना एकच लावला. नटासोबत मागचा मुख्य पाईपही फिरू लागला. तो तुटता तर आठवडाभर माझेही घर कोरडे. चाळीस वर्षे इन्साफ मागचा पाईप दुसऱ्या पान्याने धरून म्हणे, "मी धरलंय, तू फिरव." ते काम आहे असे मी कधी मानलेच नाही.

५. दोन्ही पाने अदनानला द्यावेत. तो वारस असल्याने, वाट्याबाहेर काही देण्यास लागणारी लुबनाची लेखी संमती जोडली आहे. माझ्या मृत्यूपर्यंत नट न सुटल्यास लुबना व अदनान दोघांनी मिळून सोडवावा. एकाने धरावे, एकाने फिरवावे. तोवर घराची वाटणी होऊ नये.

साक्षीसाठी आलेले शेजारी अबू सालिम यांनी वाचून लेखणी खाली ठेवली. "मास्तर, मेल्यावर कशाला? भाऊ वर जिवंत बसलाय. हाक मार की."

"तो येणार नाही."

"मारलीस का कधी?"

पुरवणी, त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरच्या अस्रच्या नमाजानंतर: मी जिन्याखालून हाक मारली. अदनान कठड्यावरून वाकला. "कोण मेलं?"

"अजून कोणी नाही. पाईप धरायला हवाय."

छतावर त्याने मोठा पाना माझ्या हातून घेतला. "तू धर. मधेच कोसळलास तर तुला खाली मी नाही नेणार."

मी मागचा पाईप धरला. कर्रकन आवाज झाला. दोघेही थिजलो. पाईप की नट, कळेना.

"धरलंयस ना?"

"धरलंय."

त्याने आणखी जोर दिला. नट फिरला. पाईप जागचा हलला नाही.

सबब कलम ५ मधील नटाची व वाटणीची अट रद्द समजावी. मोठा पाना अदनान माझ्या मृत्यूची वाट न पाहता घेऊन गेला आहे. माझी हरकत नाही. धाकटा पाना माझ्याकडे राहील.

सही: झुहैर यूसुफ मसरवा
साक्षीदार: अबू सालिम ख़रूब, शेजारी; हातिम दबाबना, औषधविक्रेता
अम्मान, सोमवार, १३ मार्च २०२३