देवापुढची सुपारी

८ ऑगस्ट, मेडशी
केनवडहून विहीणबाईंचा फोन. माझ्या भाचीच्या, वैशूच्या सासूबाई. वैशूला दोन मुली, आता चौथा महिना.
"भाऊ, डोहाळजेवनाचा मुहूर्त काढून द्या."
पाठशाळेत संस्कृत शिकलो, पोट वार्ताहरकीवर भरतो. नातलगांच्या लेखी मात्र मी पंचांग.
"तिसऱ्या खेपेले डोहाळजेवन? हौस भारी तुमची."
"यंदा पोरगाच हाय."
तारीख दिली. कार्तिकातली, सोयाबीन घरी आल्यावरची.

११ ऑगस्ट
पुन्हा विहीणबाई. "तुमी पेपरवाले. पोटातलं सांगनारा एखादा डाक्टर वळखीचा असंल."
"लिंग सांगत नाहीत, अशी पाटी असते सगळीकडे."
"पाटी तं यष्टीत थुंकू नका अशीबी असते."
हसू आलं. मग थांबलं. पुंसवनाचे मंत्र, मुलगाच व्हावा म्हणून म्हणायचे, पाठशाळेत आम्हीही घोकले होते. वर्गात सगळे मुलगेच. शंका कोण काढणार?

१९ ऑगस्ट
"मुहूर्त राहू द्या, भाऊ." एवढंच बोलल्या.
वैशूला कुठे नेलं, मशीन कोणी लावलं, कळलं नाही. निकाल तेवढा कळला. मुलगी.

२० ऑगस्ट
वैशू न्हाणीतून फोनवर बोलली, नळ सोडून. "मामा, मले ठेवाची हाय. बुधवारी घेऊन जाऊन राह्यले मले."
तक्रार करतो म्हटलं.
"नोका करू. यायले पोलीस नेतीन. मंग माह्या पोरीईले कोन?"
इकडे निघून ये, म्हटलं.
"पोरीईले सोडून?"
मग हळूच, "सासू देवाले लय भेते. तुमी काहीतरी सांगा ना."
माझी ताई, वैशूची आई, असती तर पोरीला…

२१ ऑगस्ट
केनवडला जाऊन आलो. गंभीर चेहऱ्याने विहीणबाईंना सांगितलं, मुहूर्ताची सुपारी देवापुढे ठेवून बसलोय. आता उचलली तर घराला दोष. वर एक श्लोक म्हटला. जेवणाआधीचा होता. विहीणबाईंनी हात जोडले. वैशू दाराआड, मान खाली.
इतक्या वर्षांत संस्कृत पहिल्यांदा कामाला आलं, तेही फसवायला. घरी येऊन सौ.कडून सुपारी मागितली आणि खरंच ठेवली. तेवढं तरी खोटं नको.

२५ ऑगस्ट, मंगळवार
विहीणबाईंचा फोन, आवाज गोड. "भाऊ, ठेवलेली सुपारी दोष न लागता उचलाचा काही विधी असंलच ना तुमच्या शास्त्रात?"
नाही म्हटलं.
"पाहा तं खरं. नाईतं दुसऱ्या म्हाराजले इचारून घेतो."
विधी आहे. आमच्याकडे कशाचा नाही? कोणीही महाराज चहा संपायच्या आत सांगेल.
वैशूचा फोन बंद. सुपारी जागेवर आहे, दोनदा पाहिली.
उद्या बुधवार, पहाटेच्या एस.टी.ने निघतो. तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, इतकंच सुचतंय. तिथे काय म्हणायचं ते अजून माहीत नाही.