गायखे साहेबांच्या शंका

नाशिक, ९ जानेवारी १९९९

तीर्थस्वरूप सुलाआत्या,

वाल्मीकचा तुला आणि आतोबांना वाकून नमस्कार. थंडीमुळे तुझा गुडघा पुन्हा धरलाय असं आईकडून कळलं. शेक घेत जा आणि सकाळचं सडा-सारवण सुनेवर सोपव (तू सोपवणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहितो). आतोबांचा खोकला थांबला का? मी इथे बरा आहे. दिवाळीनंतर माझं एकही पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागावायला तुला कारण आहे, पण मधल्या काळात माझं काय झालं ते आधी वाच.

किशोरशेठच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानात मी सोलर हीटर विकतो हे तुला ठाऊक आहे (आतोबा येवल्यात सगळ्यांना "भाचा बंब विकतो" असं सांगतात, तेही चूक नाही). जूनमध्ये किशोरशेठ एका हॉटेलात विक्रीचं एक दिवसाचं शिबिर करून आले आणि येताना नियम घेऊन आले. भाव लिहून दिला की गिऱ्हाइकाला सोडायचं नाही. तिसऱ्या दिवशी जायचं, आठव्या दिवशी जायचं, पंधराव्या दिवशी जायचं, आणि पुढे तो तोंडाने नाही म्हणेपर्यंत जात राहायचं. गेल्यावर "घेताय का?" असं विचारायचं नाही, "काही शंका आहे का?" असं विचारायचं. शिवाय मला वेगळं बोलावून सांगितलं की ओझरला आपला एकही हीटर नाही, संक्रांतीच्या आत तिथे एक बसव, म्हणजे तुला कायम करतो. नाही जमलं तर दुसरीकडे बघ.

म्हणून ऑगस्टमध्ये मी ओझरच्या देवराम गायखे यांना भाव लिहून दिला. हे गृहस्थ विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांचं काम एकच, दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट आहे का ते तपासायचं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा बडोद्याला, घरात हे एकटे. अशा माणसाला मी तिसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, काही शंका आहे का. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि सात शंका लिहून दिल्या. पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरेल का, काचेवर कावळा चोच मारील का, आठ दिवस ढग राहिले तर अंघोळीचं काय, अशा. मला दोनांची उत्तरं येत होती. बाकीची मी कंपनीला पत्र लिहून मागवली आणि आठव्या दिवशी घेऊन गेलो. त्यांनी प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली, शाबास म्हणाले आणि नव्या पाच शंका दिल्या.

आत्या, ऑक्टोबरपर्यंत मी नऊ वेळा ओझरला गेलो. एकदा आडगावपाशी मोपेड पंक्चर झाली तेव्हा ती ढकलत नेली, पण वार चुकवला नाही. चौथ्या शंकापत्रात त्यांनी आमच्या माहितीपत्रकातल्या आकृतीचा कोन मोजून तो चार अंशांनी चुकल्याचं दाखवून दिलं. मी ते कंपनीला कळवलं, कंपनीने आकृती बदलली आणि किशोरशेठना आभाराचं पत्र आलं. (शेठनी ते फ्रेम करून लावलंय. त्यात गायखे साहेबांचं नाव नाही आणि माझंही नाही.) सुरुवातीला मला चहा मिळायचा, मग पोहे, मग शेजारच्या सखुबाई त्यांच्यासाठी भाकरी करतात त्यातली एक माझ्यासाठी जास्त होऊ लागली. मी त्यांचा पंखा दुरुस्त केला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाशिकला घेऊन गेलो, मुलाला इंग्रजीत अर्ज हवा होता तो टाइप करून आणला. गच्ची तेवढी कधी पाहायला मिळाली नाही. जागा मोजायची म्हटलं की जिन्याचं काम निघालंय असं म्हणायचे.

डिसेंबरात शेठनी पेट्रोलचा खर्च पाहिला आणि नियम बदलला. म्हणाले, तीनदा जाऊन जो घेत नाही तो घेणारच नाही, त्यापुढे जाणं म्हणजे लोचटपणा. मी जाणं बंद केलं. तीन आठवडे गेले. मग एका सकाळी कानटोपी आणि दोन स्वेटर घातलेले गायखे साहेब एसटीने द्वारकेला उतरून थेट दुकानात आले.

"आजारी होतास का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, साहेब."

"मग आला का नाहीस? माझ्या दोन शंका राहिल्यात. रविवारी ये."

शेठनी त्यांच्यासाठी स्पेशल चहा मागवला आणि ते गेल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. मीही मनातल्या मनात कायम झालो.

रविवारी गेलो तर साहेब बाजारात गेले होते. सखुबाई अंगणात लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, वर उन्हात बसा, येतीलच. जिन्याला कुठेही दुरुस्ती नव्हती. मी वर गेलो. गच्चीच्या मधोमध एक चादर पसरलेली होती आणि ती उचलली तर खाली दुसऱ्या कंपनीचा सोलर हीटर होता.

खाली येऊन मी सखुबाईंना विचारलं. त्या बिचाऱ्या सरळ बोलल्या, "ते व्हय? दिवाळीच्या आधीच बसवलंय. तुमी यायच्या दिवशी त्यावर चादर टाकायची, असं सांगून ठेवलंय मला. आज इसरलेच बघा, म्हनजे चादर नाय इसरले, तुमाला वर धाडायचं नव्हतं ते इसरले."

साहेब पिशवी घेऊन आले. माझं तोंड पाहून त्यांना कळलं. मी म्हणालो, "घेतलात ते घेतलात, मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू आला असतास?"

खरं उत्तर नाही असं होतं. पण राग होताच. विचारलं, मग त्या दुसऱ्या कंपनीवाल्याकडून का घेतला. ते म्हणाले, "तो एकदा आला, भाव देऊन गेला, पुन्हा फिरकला नाही. त्याला काय शंका विचारणार? मला गरम पाणी हवं होतं, घेतला." आणि पुढे म्हणाले की तुझी सगळी उत्तरं समोर ठेवूनच मी त्यांचा माल तपासून घेतला, दोनदा परत पाठवला. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

मी चहा न घेता निघालो. दहावा मैल नावाच्या फाट्यापर्यंत आलो आणि रस्त्याकडेला थांबलो. नोकरी गेलीच होती, तिचं वाईट वाटतच होतं. पण मला दुसरंच आठवत होतं. सत्तरीला आलेला माणूस दर पंधरवड्याला बसून नव्या शंका शोधून काढत होता, आणि चार महिन्यांत एकही दुसऱ्यांदा विचारली नव्हती. मी मोपेड वळवली. ते ओट्यावरच बसलेले होते. म्हणाले, चहा गार झालाय, पुन्हा टाकतो.

त्या दिवशी त्यांनी मला गल्लीतल्या केरू पगार यांच्याकडे नेलं. तेही कारखान्यातलेच. त्यांनी पाऊण तासात आमचा हीटर ठरवला. परवा तो बसला (टाकीवर बोटभर ओरखडा होता म्हणून गायखे साहेबांनी पहिली टाकी परत पाठवली, ती मी गुपचूप बदलून आणली). मी कायम झालो. शेठना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, त्या दुसऱ्या हीटरची गॅरंटी किती दिवसांची आहे, आणि संपते त्या आठवड्यात मला तिकडे जायला सांगितलं. मी एक आड एक रविवारी जातोच आहे, हे शेठना सांगितलेलं नाही.

आईला पत्र वेगळं टाकलंय. आतोबांना नमस्कार.

तुझा भाचा,
वाल्मीक

ता. क. तू सुचवलेल्या सायखेड्याच्या प्रतिभाच्या वडिलांनी दसऱ्याला मला पत्र लिहिलं होतं, दिवाळीला दुसरं, आणि नोव्हेंबरात ते स्वतः दुकानात येऊन चहा घेऊन गेले, काहीच न विचारता. मी तिन्ही वेळा "कळवतो" म्हणालो. त्यानंतर त्यांच्याकडून काही नाही. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. आता रोज पोस्टमनची वाट बघतो. मुलगी मला पहिल्याच दिवशी पसंत होती, कळवायचं तेवढं राहून गेलं. गुडघा बरा असेल तर याच आठवड्यात सायखेड्याला जाऊन ये आणि माझा होकार सांग. गुडघा बरा नसेल तरी जा.

ता. क. २. त्यांनी दुसरीकडे ठरवलं असेल तर चूक माझीच आहे, तू त्यांना काही बोलू नकोस. चहा घे, मुलीला आशीर्वाद दे, आणि निघताना त्यांच्या गच्चीवर दुपारपर्यंत ऊन असतं का तेवढं पाहून कळव.