उसाच्या गाडीचा खेळ

५ जाने., कराड
सुहासचा कॉलेजात सत्कार. आई नि मी तिसऱ्या रांगेत. धाकटा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये एवढा मोठा झाला, ऊर भरून यायला हवा होता. भाषणात मामाचा कॉम्प्युटर निघाला. मस्कतहून आणलेला, टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर भरून ठेवायचे, लाइट गेली की सगळं पुसलं. इथवर खरं. मग म्हणाला, ‘आठवीत मी उसाच्या गाडीचा खेळ लिहिला, तिथून सुरुवात.’ टाळ्या. आईनंही वाजवल्या.

तो खेळ माझा. अकरावीत होते. बैल म्हणजे एक्स, चाकं म्हणजे दोन ओ. समोरून येणाऱ्या गाड्या चुकवत कारखान्याच्या फाटकापर्यंत जायचं. इंग्रजी पुस्तक, मांडीवर डिक्शनरी. गाडी पहिल्यांदा हलली तेव्हा घरात कुणी नव्हतं. एकटीच हसत बसले होते.

६ जाने.
झोप नाही. बारावीनंतर अण्णांनी माझं लग्न ठरवलं. अण्णा म्हणाले, ‘सासरी ते खोकं घेऊन काय करणार? सुहासला राहू दे.’ कॅसेट तरी मागायची होती. माझ्याच लग्नात तिच्यावर सनई भरून घेतली म्हणे.

७ जाने.
सुहास नि आई आमच्याकडे जेवायला. बोलायचं नाही ठरवलं होतं. भात वाढताना बोललेच.
“सुहास, ती गाडी मी लिहिली होती.”
हसला. मग आठवत बसला, अगदी मनापासून. “नाही गं ताई. तू शेजारी बसून आकडे वाचून दाखवायचीस. मी टाइप करायचो.”
उलटं. तो वाचायचा, तेही कंटाळत. खोटं बोलत असता तर भांडले असते. त्याला खरंच तसं आठवतंय, त्याला काय करू?
आईकडे पाहिलं. तिच्यासमोरच तर बसायचे. म्हणाली, “जाऊ दे की गं. त्येचा मान हाय. तुला आता काय करायचाय?”
ताट तसंच ठेवून उठले. ह्यांनी मागाहून विचारलं, पोट बिघडलंय का.

१० जाने.
लेकीला, मुक्ताला, फोनवर सांगितलं. ती स्वतः पुण्यात प्रोग्रॅमिंग करते. म्हणाली, “आई, इतकी वर्षं मला का नाही बोललीस?” मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला निघाले तेव्हा मुक्ता तान्ही होती, मग सासूबाईंचं आजारपण, मग... जाऊ दे.
लॅपटॉपवर बसून पाहिलं. गाडी काढता आली. हलवायची कशी, आठवेना. रडले नाही. राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

१४ जाने.
संक्रांत. सुहासचा फोन. सांगलीला एका शाळेत त्याचा कार्यक्रम, मुलांना त्याच्या लहानपणाबद्दल घरच्यांकडून ऐकायचंय. “ताई, तूच बोल. सायकलवरून विहिरीत पडलो होतो ते सांग, पोरं हसतील.”
येते म्हणाले. आवाज गोड निघाला, माझं मलाच नवल.
आईला कळलं असावं. तिळगूळ देताना हात सोडेना. “भरल्या सभेत भावाला खाली बघाय लावू नगंस.” मी खाली बघत आले त्याचं काय?

१८ जाने., सांगली
शाळेत पोचलो. सुहासचं भाषण चाललंय, मी मागच्या खोलीत हे लिहितेय. पहिल्या रांगेत सगळ्या मुली, दोन वेण्या घातलेल्या. गाडीचा खेळ सांगून झाला त्याचा. टाळ्या इथवर ऐकू आल्या.
काय बोलायचं, अजून ठरलेलं नाही. बाई बोलवायला आल्यात.